अ‍ॅव्हरेज न विचारलेल्या गाड्या

आमच्या घरात कुठल्याही गाडीबद्दल पहिला प्रश्न एकच असायचा: अ‍ॅव्हरेज किती देते? माझे आजोबा, आम्ही त्यांना आण्णा म्हणायचो, सांगली-मुंबई लायनीवर डॉजच्या ट्रकवर ड्रायव्हर होते. गाडी दुसऱ्याची, डिझेल दुसऱ्याचं, हिशेब मात्र आण्णांना द्यावा लागायचा. पिकअप हा शब्द आमच्याकडे दुसऱ्या नंबरला. तोही घाट चढताना लागतो म्हणून. गाडीनं पळावं, नुसतं पळण्याच्या सुखासाठी पळावं, ही कल्पना आमच्या अंगणात कधी आलीच नव्हती.

1998 साली नोकरीसाठी मी मिशिगनला आले. इंजिनांच्या चाचण्यांचं काम. त्या ऑगस्टमध्ये ऑफिसातल्या एकानं मला वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर नेलं. रस्त्याच्या दोन्ही कडांना लोक घडीच्या खुर्च्या टाकून बसले होते आणि समोरून जुन्या गाड्यांची रांग संथपणे सरकत होती. त्या चालत नव्हत्या, गुरगुरत होत्या. एक लाल पॉन्टिअ‍ॅक कडेला थांबली, तेव्हा मी सवयीनं तिच्या मालकाला अ‍ॅव्हरेज विचारलं. त्यानं सांगितलेला आकडा मी मनातल्या मनात बदलून पाहिला. लीटरला चार किलोमीटरसुद्धा नाही. आमचा भरलेला ट्रक यापेक्षा कमी प्यायचा. मग त्यानं बॉनेट उचललं आणि म्हणाला, ‘हिला ते विचारायचं नसतं. हिला ऐकायचं असतं.’

मसल कार म्हणतात यांना: मधल्या आकाराच्या घरगुती गाडीत मोठं इंजिन घातलेल्या, साठच्या दशकातल्या अमेरिकी गाड्या. त्या दिवसापासून या गाड्यांनी माझा पिच्छा सोडलेला नाही.

वुडवर्ड समजल्याशिवाय या गाड्या समजत नाहीत असं मला वाटतं. डेट्रॉइट नदीपाशी सुरू होऊन वायव्येला पॉन्टिअ‍ॅक गावापर्यंत जाणारा हा 27 मैलांचा, म्हणजे सुमारे 43 किलोमीटरचा सरळसोट रस्ता. 1909 साली याच रस्त्याच्या एका मैलावर काँक्रीट घालून पाहिलं होतं. 1913 मध्ये फोर्डनं मॉडेल टी गाडीसाठी सरकता पट्टा सुरू केला तो हायलंड पार्कचा कारखाना याच रस्त्यावर. क्रायस्लरचं मुख्यालय तेव्हा तिथून हाकेच्या अंतरावर होतं. जनरल मोटर्सचं मुख्यालयही तेव्हा वुडवर्डपासून थोडंसं पश्चिमेला होतं. आणि वरच्या टोकाला पॉन्टिअ‍ॅक, ज्या गावाच्या नावानं गाडी निघाली ते गाव. गाडी आखणारा, ती जोडणारा, तिची जाहिरात लिहिणारा आणि शनिवारी रात्री ती उडवणारा पोरगा, सगळे एकाच रस्त्यावर सापडत. मसल कारच्या दहा वर्षांचं सगळं बळ मला या एका गोष्टीत दिसतं, आणि तिचं दुखणंही.

सुरुवात एका मनाईपासून झाली. 1955 साली फ्रान्सात ल मान्सच्या शर्यतीत गाडी प्रेक्षकांत घुसून ऐंशीहून जास्त माणसं गेली. त्यानंतर 1957 मध्ये अमेरिकी कंपन्यांनी आपसात ठरवलं की शर्यतींना पाठबळ द्यायचं नाही. हा ठराव कोणी मनापासून पाळला नाही, पण जानेवारी 1963 मध्ये जनरल मोटर्सनं आपल्या सगळ्या विभागांना बजावलं की आता खरोखर बंद. पॉन्टिअ‍ॅक विभागाला हा घाव वर्मी लागला. म्हाताऱ्यांची गाडी हा शिक्का पुसण्यासाठी त्यांनी पाच-सहा वर्षं शर्यतींवरच नाव कमावलं होतं. ट्रॅक हातून गेला तेव्हा उरला रस्ता.

त्यावेळी पॉन्टिअ‍ॅकचे मुख्य इंजिनिअर होते जॉन डिलोरियन. त्यांच्या हाताखाली बिल कॉलिन्स आणि रस गी. ही मंडळी शनिवारी सकाळी मिलफर्डच्या चाचणी-मैदानावर जमत, गाड्या लिफ्टवर चढवून खालून न्याहाळत. अशाच एका शनिवारी टेम्पेस्ट ही मधल्या आकाराची घरगुती गाडी वर चढवलेली असताना कॉलिन्स यांच्या ध्यानात आलं की तिच्यातलं 326 घनइंचांचं इंजिन आणि मोठ्या गाड्यांतलं 389 घनइंचांचं इंजिन बाहेरून एकाच मापाची आहेत. मोठं इंजिन छोट्या गाडीत त्याच माउंटिंगवर, काहीही न कापता बसेल. पुढच्या शनिवारपर्यंत ते बसलंही होतं.

ज्यानं कधी इंजिन बसवलंय त्याला यातला आनंद कळेल. बोल्टची भोकं जुळली की कारागिराच्या चेहऱ्यावर जे समाधान येतं, ते कुठल्याही भाषेत सारखंच दिसतं.

पण आड एक नियम होता. कंपनीच्या चौदाव्या मजल्यावर साहेबलोक बसत. त्यांचं फर्मान असं की या आकाराच्या गाडीत 330 घनइंचांपेक्षा, म्हणजे साधारण 5.4 लीटरपेक्षा मोठं इंजिन घालायचं नाही. 389 म्हणजे जवळजवळ 6.4 लीटर. त्याच काळात कुर्ल्याला बनणारी आपली फिएट 1.1 लीटरची होती, यावरून अंदाज यावा. नवीन मॉडेल काढायचं तर चौदाव्या मजल्याची परवानगी हवी, आणि ती मिळणार नव्हती. मात्र एखाद्या मॉडेलवर जास्तीचं सामान द्यायला अशी परवानगी लागत नसे. म्हणून 1964 च्या टेम्पेस्ट ल मान्सवर 295 डॉलरचा एक ‘ऑप्शन’ आला, जीटीओ नावाचा. त्यात 325 अश्वशक्तीचं इंजिन, कडक स्प्रिंगा, जोड सायलेन्सर. आणखी पैसे टाकले तर तीन कार्ब्युरेटर आणि 348 अश्वशक्ती. नाव सरळ फेरारीवरून उचललेलं. विभागाचे प्रमुख पीट एस्टेस यांनी आपली खुर्ची पणाला लावून सही केली. विक्रीप्रमुखांनी पाच हजार गाड्यांची हमी घेतली, त्यापुढे नाही. वर्षाअखेर 32 हजारांच्या वर गेल्या. मग चौदाव्या मजल्याचा राग विरघळला. 1965 साली 75 हजार, 1966 साली जवळपास 97 हजार.

पळवाट म्हणून याकडे बघणारे आहेत. मला यात एका मोठ्या, सुस्त संस्थेच्या पोटात आपलं काम जिवापाड आवडणारी चार माणसं दिसतात. मी स्वतः अशा संस्थांत पंचवीस वर्षं काढली आहेत. नियमाचा अर्थ लावून एखादी चांगली गोष्ट तडीस नेणारा माणूस विरळा असतो.

ही गाडी पोचली मात्र नेमकी वेळेवर. युद्ध संपल्यावर 1946 मध्ये जन्मलेली मुलं 1964 साली अठरा वर्षांची झाली. त्यांच्या हातात पैसा होता. एप्रिल 1964 मध्ये न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात फोर्डच्या ली आयाकोका यांनी मस्टँग आणली, किंमत 2,368 डॉलर, आणि दोन वर्षांच्या आत दहा लाख खपल्या. मस्टँग म्हणजे मसल कार नव्हे, ती लहान, देखणी, स्वतंत्र जातीची. पण तिनं सगळ्यांना दाखवून दिलं की तरुण गिऱ्हाईक वेगळं असतं. मग ओल्ड्समोबील, शेव्हरोले, ब्युइक, डॉज, प्लिमथ, छोटी अमेरिकन मोटर्ससुद्धा, सगळे धावत सुटले.

क्रायस्लरकडे हत्यार तयार होतं: 426 घनइंचांचं हेमी इंजिन. हेमी म्हणजे अर्धगोल. सिलिंडरच्या माथ्यावरची पोकळी उपड्या करवंटीसारखी असते. साध्या इंजिनात दोन्ही व्हॉल्व्ह एका ओळीत चेंगरून बसतात. करवंटीत ते समोरासमोरच्या उतारांवर बसतात, त्यामुळे दोन्ही मोठे करता येतात. हवा एका बाजूनं मोकळी आत, दुसरीकडून मोकळी बाहेर, आणि ठिणगी जवळजवळ मधोमध. आण्णांना हे सांगता आलं असतं तर त्यांनी एका वाक्यात पकडलं असतं: गाडीला श्वास घेऊ द्यायचा. फेब्रुवारी 1964 च्या डेटोना शर्यतीत हेमी बसवलेल्या, क्रायस्लरच्याच प्लिमथ गाड्या पहिल्या तीनही जागांवर आल्या, पुढे रिचर्ड पेटी. या शर्यती भरवणाऱ्या नॅसकार संस्थेनं पुढच्या वर्षासाठी नियम असे बदलले की हे इंजिन बाहेर पडलं. कंपनीनंही शर्यतींवर बहिष्कार टाकला. शेवटी 1966 पासून हेच सात लीटरचं इंजिन, कागदावर 425 अश्वशक्ती, दुकानात मिळू लागलं.

मला त्या इंजिनाइतकीच त्यामागची माणसं ओढतात. क्रायस्लरच्या इंजिनिअरांनी आपल्या खिशातून पैसे घालून रॅमचार्जर्स नावाचा क्लब काढला होता. टॉम हूव्हर, ज्यांना हेमीचा जनक म्हणतात, त्यातलेच. दिवसा ड्रॉइंगबोर्ड, सुट्टीच्या दिवशी ड्रॅगची, म्हणजे सरळ रेषेतल्या शर्यतीची पट्टी. आणि रात्री वुडवर्ड. रॉयल ओकमधलं टोटेम पोल, वर ब्लूमफील्ड हिल्सकडचं टेड्स, अशी गाडीत बसून बर्गर खायची ठिकाणं होती. तिथं पोरं जमत, पैजा लागत, आणि एका लाल दिव्यापासून पुढच्या दिव्यापर्यंत शर्यती होत. बेकायदाच. त्या गर्दीत कंपन्यांचे इंजिनिअरही असत, उद्याची गाडी आज रात्री पारखायला आलेले. रॉयल ओकच्या एका पॉन्टिअ‍ॅक विक्रेत्यानं तर जीटीओ आणखी तेज करून देण्याचं दुकानच मांडलं होतं. गिऱ्हाईक काय म्हणतंय हे कळायला सर्वेक्षण लागत नव्हतं, काच खाली करावी लागायची.

1968 साल आलं तोवर या गाड्यांवर चामडं, क्रोम, घड्याळं चढून किमती फुगल्या होत्या. प्लिमथनं उलटी चाल केली. रोड रनर. आत गालिचाऐवजी रबरी मॅट, साधी बाकासारखी सीट, आणि पुढे 383 घनइंचांचं, 335 अश्वशक्तीचं इंजिन. किंमत तीन हजार डॉलरच्या आत. कार्टूनमधल्या पक्ष्याचं नाव आणि चित्र लावायला वॉर्नर ब्रदर्सला 50 हजार डॉलर मोजले, आणि हॉर्नमधून त्याचा बीप-बीप काढला. पहिल्याच वर्षी सुमारे 45 हजार गाड्या गेल्या. माझ्या मते त्या काळातली सगळ्यात प्रामाणिक गाडी हीच. पट्ट्यावर उभं राहून दरवाजे लावणाऱ्या माणसाला ती हप्त्यावर घेता येत होती.

आण्णांच्या ट्रकचं आणि या गाड्यांचं नातं मला फार उशिरा कळलं. आमच्याकडचा डॉज कुर्ल्याचा होता. मूळचे सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी प्रीमियर कंपनी 1944 मध्ये काढली ती क्रायस्लरशी करार करून, आणि 1947 पासून कुर्ल्याच्या कारखान्यात डॉज, प्लिमथ, डिसोटो जोडायला सुरुवात झाली. फिएट नंतरची. म्हणजे हायलंड पार्कला ज्या कंपनीच्या इंजिनिअरांनी हेमीचे कागद रेखाटले, तिचंच नाव आमच्या ट्रकच्या नाकावर होतं, ज्यावर दर दसऱ्याला झेंडूचा हार पडायचा. इकडे 1964 साली अठरा वर्षांचा पोरगा बापाकडे गाडीसाठी हट्ट धरत होता. तिकडे फिएटसाठी नाव नोंदवून लोक वर्षानुवर्षं वाट पाहत होते. मला यात हेवा वाटत नाही. पण आण्णांसारख्या माणसाला, ज्याला इंजिन इतकं कळायचं, एकदा तरी रिकाम्या रस्त्यावर एक पाय दाबून बघायला मिळायला हवं होतं, असं वाटतं. आयुष्यभर त्यांनी दहा टन माल आणि दुसऱ्याचं डिझेल ओढलं.

रात्री गाडी दारात उभी करून ते बॉनेट उघडायचे तेव्हा बॅटरी धरायचं काम माझं. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनवर टेकवायचे, मूठ कानाला लावायचे, डोळे मिटायचे. मग मूठ माझ्या कानाला. ‘ऐक, टॅपेट वाजतंय. कितव्या नंबरचं?’ मी चुकायचे. ‘बॅटरी हलवू नको,’ एवढंच म्हणायचे.

आता दुखण्याकडे येते. या गाड्यांच्या आठवणी सांगणारे शनिवारच्या रात्री सांगतात. सोमवारची सकाळ फार थोडे सांगतात. जुलै 1967 मध्ये डेट्रॉइट पेटलं. पोलिसांनी एका बेकायदा दारूच्या अड्ड्यावर घातलेल्या धाडीतून ठिणगी पडली, पण लाकूड वर्षानुवर्षं वाळत आलं होतं. 43 माणसं मेली. जळलेले मोहल्ले वुडवर्डपासून लांब नव्हते. वरच्या टोकाला, गोऱ्या वस्तीत, गाड्या उडवणारी पोरं आणि खालच्या टोकाला हे.

कारखान्यांतही तेच. हॅमट्रॅमकचा डॉज मेन हा जुना, बहुमजली, प्रचंड कारखाना. प्लिमथची बाराकुडा तिथं बनायची, पुढे डॉजची चॅलेंजरही. मे 1968 मध्ये पट्ट्याचा वेग वाढवल्यावरून तिथं युनियनला न विचारता संप झाला. शिक्षा वाट्याला आल्या त्या मुख्यतः काळ्या कामगारांच्या. त्यातून त्यांनी आपली वेगळी संघटना उभी केली, तिचं संक्षिप्त नाव ‘ड्रम’. सगळ्यात कष्टाची, सगळ्यात धोक्याची कामं काळ्यांकडे आणि मुकादम गोरे, हे त्यांचं म्हणणं होतं. वेगाची ती दहा वर्षं म्हणताना मला हा वेगही मोजावासा वाटतो. पट्टा मिनिटाला किती हात मागतो, तो वेग. रस्त्यावरच्या पोराला तो वेग आवडला नाही तर पाय उचलता येत होता.

आमच्या शेजारचे गृहस्थ त्याच काळात एका कारखान्याच्या प्रेस शॉपमध्ये होते. पत्रा ठोकून फेंडर बनवायचे. आज ते सत्त्याहत्तरीला आले आहेत. डाव्या कानानं त्यांना जवळजवळ ऐकू येत नाही, उजव्यानं कमी. ते कृष्णवर्णीय आहेत, वुडवर्डच्या त्या रात्रींबद्दल विचारलं तर म्हणतात, ‘आठ मैलच्या पलीकडे आम्ही रात्री जात नव्हतो.’ एट माइल रोड ही शहराची उत्तर सीमा, आणि त्या काळी बरंच काही. टोटेम पोल, टेड्स, सगळं त्या सीमेपलीकडचं. तरीही 1971 मध्ये त्यांनी ओव्हरटाइमच्या पैशातून एक वापरलेली 1968 ची रोड रनर घेतली, आणि ती आजही त्यांच्या गॅरेजमध्ये आहे.

त्यांना ती स्वस्तात मिळाली, कारण तेव्हा बाजार उतरणीला लागला होता. तेलामुळे या गाड्या संपल्या असं सरसकट म्हणतात. ते अर्धंच खरं आहे, त्या त्याआधीच खचल्या होत्या. पहिला फटका विम्याचा. पंचविशीच्या आतल्या मुलाला अशा गाडीचा विमा इतका महाग पडू लागला की हप्ता परवडला तरी विमा परवडेना. आणि विमा कंपन्या चूक होत्या असं मी म्हणू शकत नाही. जीटीओला 325 अश्वशक्ती होती आणि चारही चाकांना ड्रमचे ब्रेक. पळवण्याचं शास्त्र शिकलेल्या लोकांनी थांबवण्याचं शास्त्र मागे ठेवलं. 1966 मध्ये अमेरिकेच्या रस्त्यांवर पन्नास हजारांवर माणसं मेली, आणि त्याच वर्षी वाहनसुरक्षेचा कायदा आला. ग्राहकांच्या बाजूनं लढणारे वकील राल्फ नेडर यांनी त्यासाठी जीव तोडून रान उठवलं होतं.

दुसरा फटका शिशाचा, आणि तो माझ्या कामाच्या जवळचा आहे म्हणून थोडं थांबते. जास्त ताकद हवी तर पेट्रोल आणि हवेचं मिश्रण जास्त दाबायचं. जीटीओत ते पावणेअकरापट दाबलं जायचं. इतक्या दाबाखाली साधं पेट्रोल ठिणगीची ज्योत पोचण्याआधीच, मनाला येईल तसं पेटतं आणि इंजिन ठोके खातं. ते होऊ नये म्हणून पेट्रोलमध्ये शिसं घालत. ते शिसं धुरातून बाहेर पडायचं आणि मुलांच्या रक्तात उतरायचं. 1970 मध्ये स्वच्छ हवेचा कायदा झाला, धूर गाळणारे कन्व्हर्टर येणार हे दिसू लागलं, आणि शिसं त्या कन्व्हर्टरचा नाश करतं. म्हणून जनरल मोटर्सनं 1971 पासून सगळी इंजिनं कमी दाबाची केली. जीटीओचं प्रमाण साडेआठच्या खाली आलं. माझी सगळी नोकरी पुढे याच धुराच्या कायद्यांभोवती गेली. त्या गाड्यांचा आवाज मला जिवापाड आवडतो, आणि तो आवाज गेला ते बरोबर झालं असंही मी मानते. ही दोन्ही मतं माझ्यात सुखानं नांदत नाहीत, पण दोन्ही माझीच आहेत.

1972 मध्ये ताकद मोजायची रीतच बदलली. आधी उघडं इंजिन टेबलावर चालवून आकडा छापत. आता सायलेन्सर, पंखा, पंप सगळं जोडून. शेव्हरोलेच्या शेव्हेल गाडीचं 454 घनइंचांचं इंजिन कागदावर 365 चं 270 झालं. पहिलवानाला कोट काढून काट्यावर उभं केल्यासारखं. मग ऑक्टोबर 1973 चा तेलाचा बहिष्कार, पंपांवरच्या रांगा, ताशी 55 मैलांची वेगमर्यादा. 1974 साली शेवटच्या जीटीओ जेमतेम सात हजार निघाल्या. डॉज मेन 1980 च्या जानेवारीत बंद झाला आणि पाडला. प्लिमथ, ओल्ड्समोबील, पॉन्टिअ‍ॅक ही नावंही एकेक करून पुसली गेली. तिकडे 1971 ची एक हेमी बाराकुडा, टप उघडणारी, 2014 मध्ये लिलावात 35 लाख डॉलरला गेली. ती जोडणाऱ्यांपैकी कोणाचं नाव कुठल्या कागदावर नाही.

2023 च्या डिसेंबरात पेट्रोलच्या डॉज चॅलेंजरचं आणि शेव्हरोले कॅमारोचं उत्पादन थांबलं. डॉजची नवी चार्जर आधी विजेवरची आली, तिच्यात आवाज तयार करून सोडतात. मी ती चालवली आहे. तिच्यापुढे जुनी हेमी उभीसुद्धा राहणार नाही, इतका पिकअप आहे.

गेल्या एप्रिलमध्ये बर्फ सरलं तसं शेजाऱ्यांनी मला हाक मारली. गॅरेजचं दार उघडं होतं, रोड रनर चालू होती, आणि ते बॉनेटवर वाकून दोन्ही तळवे इंजिनाजवळ धरून उभे होते, शेकोटीपाशी धरतात तसे. ‘काहीतरी बिनसलंय,’ म्हणाले. ‘हाताला कळतंय, कानाला कळत नाही. तू ऐक.’

मी त्यांच्या खोक्यातून लांब स्क्रू-ड्रायव्हर घेतला. टोक रॉकर कव्हरवर टेकवलं, मूठ कानाला लावली, डोळे मिटले. त्या गुरगुरीच्या आत, खाली, एक बारीक टकटक. एक, मग पुढचा, मग त्याच्या पुढचा. उजव्या ओळीतलं तिसरं.

त्यांनी इंजिन बंद केलं, थंड व्हायची वाट पाहिली आणि पाना घेऊन कव्हरचे बोल्ट ढिले करायला लागले. आत अंधार होता. मी बॅटरी धरली.